असडी तांदूळ आणि घरचे ताट

(सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



पेण आणि रोहा ही दोन नावे महाराष्ट्रात कोठेही उच्चारली, तरी ऐकणाऱ्याच्या मनात प्रथम पोहे येतात. पेण म्हटले की गणेशमूर्ती आणि पापडही आठवतात. पण दोन्ही गावांना जोडणारा धागा भाताचा आहे. भोगावतीकाठचे पेण, कुंडलिकेकाठचे रोहा आणि या दोहोंमधला खारेपाट, डोंगरउतार व ओलिताखालची शेते मिळून हा भाताचा मुलूख झाला. १ जानेवारी १९८१ रोजी कुलाबा जिल्ह्याचे रायगड असे नामांतर झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईच्या बाजारात कुलाब्याच्या तांदळाला मान होता. या दोन्ही पेठांत धान्याचा आणि किराण्याचा व्यापार करून अनेक जैन घराणी स्थिरावली. तेव्हा धान्य हा विषय या सभेला परका नाही. उलट, धान्याची पारख करण्यातच येथील कित्येकांची हयात गेली आहे.

आणि तरीही आज त्याच घरांतील कोठीघर उघडून पाहिले तर काय दिसते? आरशासारखा चकचकीत तांदूळ, महिन्यापूर्वी कोठल्यातरी कारखान्यात दळलेल्या पिठाची पिशवी, रिफाइंड तेलाचा डबा आणि मुलांच्या हाताशी येतील असे बिस्किटांचे, नूडल्सचे, वेफर्सचे पुडे. ज्या गावांनी इतरांना दाणा पुरविला, त्या गावांतील घरे दाण्याला दुरावली आहेत. घराने पुन्हा सबंध, कमीत कमी प्रक्रिया केलेल्या अन्नाकडे वळायचे ठरविले तर ते कसे वळावे, आणि वळताना कोठे अडखळावे लागते, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

या विषयाची गुरुकिल्ली आजीच्या बोलीतल्या दोन क्रियापदांत आहे : भरडणे आणि सडणे. भात भरडले की त्याचे तूस निघते. आत राहतो तो कोंड्यासह असलेला, किंचित तपकिरी वा लालसर दाणा. यालाच असडी तांदूळ म्हणत. तो उखळात घालून मुसळाने कांडला, म्हणजे सडला, की कोंड्याचा थर सुटतो आणि तांदूळ पांढरा होतो. जितके अधिक सडावे तितका तो अधिक पांढरा. भरडण्याने खाण्यास निरुपयोगी असे तूस जाते. सडण्याने मात्र खाण्याजोगे, किंबहुना सर्वाधिक मोलाचे असे काही जाते. प्रक्रिया कोठवर आवश्यक आणि कोठून पुढे ती अन्नाचीच हानी करू लागते, याची सीमारेषा मराठी भाषेने फार पूर्वीच आखून ठेवली आहे. आधुनिक गिरणीने ही दोन्ही कामे एका दमात करावयास आरंभ केला आणि दोन शब्दांमधला भेद घरातून नाहीसा झाला. आजच्या विशीतल्या गृहिणीला 'असडी' हा शब्द विचारून पाहावा. बहुधा तो तिने ऐकलेलाच नसतो.

या कोंड्याचे महत्त्व जगाला कळले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, जावा बेटावर. तेथे बेरीबेरी या रोगाने माणसांचे पाय लुळे पडत, हृदय थकत असे. ख्रिस्तियान आइकमान या डच वैद्यकाला आपल्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांना तसाच आजार झालेला दिसला. त्यांना पॉलिश केलेला तांदूळ खाऊ घातला जात होता. असडी तांदूळ किंवा नुसता कोंडा देताच त्या बऱ्या होत. पुढे या संशोधनासाठी १९२९ मध्ये आइकमानना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. कोंड्यातील तो पदार्थ म्हणजे थायमीन, अर्थात ब-१ जीवनसत्त्व. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांत हाच फरक अंकांनी दिसतो. १०० ग्रॅम असडी तांदळात थायमीन सुमारे ०.२७ मिलिग्रॅम, पॉलिश केलेल्यात सुमारे ०.०५, तंतुमय भाग असडीत सुमारे ४.४ ग्रॅम, पॉलिश केलेल्यात २.८. कोकणातील उकड्या तांदळाची जुनी चाल येथे आठवावी. भात तुसासकट उकडल्याने कोंड्यातील थायमीनचा काही अंश दाण्याच्या आत मुरतो आणि नंतर तांदूळ सडला तरी तो सगळा निघून जात नाही. ज्यांनी ही चाल पाडली त्यांना जीवनसत्त्व हा शब्द ठाऊक नव्हता.

आपल्या देशात या प्रश्नाला सार्वजनिक रूप दिले ते गांधीजींनी. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, जे. सी. कुमारप्पा हे त्याचे कार्यवाह. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ हे त्या संघाच्या कार्यक्रमातील प्रमुख विषय होते. गिरणीने तांदळातले सत्त्व काढून घेतले आणि गावातला रोजगारही काढून घेतला, हा त्यांचा दुहेरी आक्षेप होता. वर्ध्याची ही चळवळ रायगडला दूरची वाटू नये. तिच्या परिवारातले सर्वांत तपस्वी नाव, आचार्य विनोबा भावे, हे पेण तालुक्यातील गागोदे या गावचे. ११ सप्टेंबर १८९५ हा त्यांचा जन्मदिवस. त्यांच्या आईची, रुक्मिणीबाईंची, एक हकीकत प्रसिद्ध आहे. त्यांनी देवाला लक्ष तांदूळ वाहण्याचा नेम केला होता आणि त्या रोज एकेक दाणा मोजत. विनोबांच्या वडिलांनी सुचविले की एक तोळा तांदळातले दाणे मोजावेत आणि त्या हिशेबाने एकूण वजन करून टाकावे. आईने मुलाला विचारले, तेव्हा विनोबांनी मोजण्याचाच पक्ष घेतला. कारण मोजताना चित्त देवापाशी राहते. त्याच विनोबांच्या प्रेरणेने भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाणवर्षी, १९७४ मध्ये, 'समणसुत्तं' हा सर्व जैन संप्रदायांना मान्य असा ग्रंथ सिद्ध झाला, हे या सभेस ठाऊक असेलच. पेणच्या मातीतला हा दाणा आणि ही सभा यांचे नाते असे जुने आहे.

मात्र हातसडीचे गुणगान करताना एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही, ती येथे सांगितली पाहिजे. उखळ-मुसळ हे स्त्रियांचे कष्ट होते. पहाटे उठून जाते ओढायचे, दुपारी भात कांडायचे, आणि तेही बाळंतपणापासून म्हातारपणापर्यंत. पोह्यांची गोष्ट आणखी बिकट. भात भिजवावे, निथळावे, तापलेल्या वाळूत भाजावे आणि दाणा मऊ असतानाच, निवण्याआधी, ठेचावे. धग आणि घाई दोन्ही एकाच वेळी सोसावी लागत. गिरणी आली तेव्हा स्त्रियांनी तिचे स्वागत केले, ते चूक नव्हते. ज्यांनी कधी मुसळ उचलले नाही अशा पुरुषांनी व्यासपीठावरून हातसडीचा आग्रह धरणे शोभत नाही. घराचे अन्न बदलायचे म्हणजे घरातल्या बाईचे काम वाढवायचे, असा अर्थ होणार असेल तर तो बदल चार महिन्यांत मोडून पडतो, आणि मोडलाच पाहिजे.

प्रश्न यंत्र हवे की नको असा नसून कोणते यंत्र हवे असा आहे. जुन्या हलर जातीच्या गिरणीत भात घातले की तूस आणि कोंडा एकत्रच निघतात. तेथे असडी तांदूळ मागितला तरी नीट मिळत नाही. रबराचे रूळ असलेल्या शेलरमध्ये दोन रूळ वेगवेगळ्या गतीने फिरतात, फक्त तूस उतरवितात आणि पॉलिशचे यंत्र त्यापुढे निराळे असते. त्या दुसऱ्या यंत्रात तांदूळ घालू नका, एवढेच गिरणीवाल्याला सांगावयाचे. म्हणजे घिरटावर जे काम घाम गाळून होई, ते आज कळ दाबून होते; अडते ते मागणाऱ्या गिऱ्हाइकापाशी.

आता जैन स्वयंपाकघराकडे वळावे. या घरांची एक विशेष परिस्थिती आहे, जिचा विचार सर्वसाधारण आहारशास्त्राची पुस्तके करीत नाहीत. ती पुस्तके सांगतात की भाज्या भरपूर खाव्यात, मोडाची कडधान्ये खावीत, रताळी खावीत. येथे कंदमुळे वर्ज्य आहेत. अनेक घरांत मोड आलेले धान्य अनंतकाय मानून टाळले जाते. चातुर्मासात पालेभाज्या सुटतात आणि आठम-चौदससारख्या तिथींना पुष्कळ घरांत हिरवी भाजीच नसते. अशा दिवशी ताटात काय राहते? धान्य, डाळ, दूध-दही आणि तूप. आयंबिलाच्या दिवशी तर दूध-तूपही नाही. चैत्र आणि आश्विनातील ओळीचे नऊ दिवस उकडलेले धान्य आणि कडधान्य हाच आहार. ज्या ताटात भाजी आहे तेथे पॉलिशच्या तांदळाने गेलेले काहीतरी भाजीतून भरून निघते. ज्या ताटात धान्याखेरीज फारसे काही नाही, तेथे धान्यच सत्त्वहीन असेल तर मागे काहीच उरत नाही. म्हणूनच तिथी पाळणाऱ्या घराला असडी तांदूळ आणि सबंध धान्य यांची गरज इतरांहून अधिक आहे. येथे व्रत आणि पोषण यांचे भांडण नाही. व्रताने ताट लहान केले. त्या लहान ताटात सकस दाणा असावा, एवढीच अपेक्षा आहे.

आणि त्यासाठी लागणारा नियम परंपरेनेच देऊन ठेवला आहे. दळलेल्या पिठाची मर्यादा पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५ दिवस आणि हिवाळ्यात ७ दिवस, हे ज्येष्ठ श्राविकांना तोंडपाठ असते. मिठाईची मर्यादा पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवस. संप्रदायपरत्वे तपशील बदलतो, पण तत्त्व एकच : ज्याचा रस चळला ते खाऊ नये. या नियमामागे जीवदया आहे; ओलसर हवेत पिठात जीव पडतात. परंतु सबंध धान्याच्या पिठाला हाच नियम आणखी एका कारणाने लागू पडतो. कोंड्यात आणि अंकुरात तेल असते. दाणा फुटला की त्या तेलाला हवा लागते आणि ते खवट होऊ लागते. कारखान्याचे पीठ आणि मैदा महिनोन् महिने टिकतात, याचे एक कारण असे की टिकण्याच्या आड येणारा भाग त्यांतून कमी केलेला असतो. पावसाळ्यातील तीन दिवसांचा नियम जे घर खरोखर पाळते, त्या घरात तयार पिठाची पाच किलोची पिशवी येऊच शकत नाही. नियम तोंडपाठ आहे आणि पिशवीही आहे, अशी घरे मात्र पुष्कळ आहेत.

चाळणीविषयीही थोडे सांगावे लागेल. जीव पाहण्यासाठी पीठ चाळणे आणि कोंडा टाकण्यासाठी पीठ चाळणे ही दोन वेगळी कामे आहेत. पण चाळणी एकच असल्याने दुसरे काम पहिल्याच्या पांघरुणाखाली होऊन जाते. धान्य दळायला देण्यापूर्वी नीट शोधावे, पीठ चाळून ताटात पाहावे, आणि चाळणीत राहिलेला कोंडा स्वच्छ असेल तर तो पुन्हा पिठात मिसळावा. यतना तीच राहते आणि कोंडाही.

पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याने मात्र मोठा गैरसमज केला आहे. शाकाहारी पदार्थावर हिरवे चिन्ह छापण्याचा नियम २००१ चा. त्यापाठोपाठ 'जैन' असा शब्द छापलेली पाकिटेही आली : कांदा-लसणाविना नूडल्स, बटाट्याऐवजी केळ्याचे वेफर्स. हे चिन्ह पदार्थात काय नाही ते सांगते. दाण्यातून काय काढून घेतले आणि वर काय घातले, ते सांगत नाही. ते पाहायचे तर पाकीट उलटे करून घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्यामुळे पहिला शब्द मैदा, दुसरा साखर आणि तिसरा पामतेल असेल, तर पुढचे वाचण्याचे श्रम वाचतात. ब्राझीलमधील कार्लोस मॉन्तेइरो या संशोधकांनी २००९ पासून अन्नाचे वर्गीकरण पोषकद्रव्यांऐवजी प्रक्रियेच्या प्रमाणावरून करण्याची पद्धत मांडली. घरच्या स्वयंपाकघरात जे पदार्थ कधीच नसतात अशांनी बनलेल्या तयार अन्नाला त्यांनी अतिप्रक्रियित अन्न म्हटले. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २० प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला दोन आठवडे अतिप्रक्रियित आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही आहारांत साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू सारखेच ठेवले, आणि हवे तितके खाण्याची मुभा दिली. अतिप्रक्रियित अन्न खाताना तीच माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खात होती. पोट भरल्याची सूचना उशिरा पोहोचते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो. ऊनोदरी तपाचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाने या आकड्याची नोंद घ्यावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शिकेत तर देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहाराशी निगडित असल्याचे म्हटले आहे. पेढीवर दिवसभर बसून काम करणाऱ्या समाजात मधुमेह किती घरांत शिरला आहे, ते सांगायला आकड्यांची गरज पडू नये.

बदल प्रत्यक्ष कसा करावा? एका रविवारी सर्व डबे रिकामे करून नवे आणणारी घरे दिवाळीपर्यंत जुन्या वाटेवर परततात. त्यापेक्षा एकच वस्तू घ्यावी आणि ती स्थिर होऊ द्यावी. येथील घरात ती वस्तू तांदूळ असावी, कारण तो दोन्ही वेळा ताटात येतो. आरंभी चार वाट्यांपैकी एक वाटी असडी घ्यावी. परंतु दोन्ही तांदूळ एकदम शिजविले तर एक कच्चा राहतो आणि दुसऱ्याचा गाळ होतो. असडी तांदूळ दोन तास आधी भिजवावा, पॉलिशचा आयत्या वेळी धुऊन मिसळावा. पाणी थोडे अधिक लागते, कुकरच्या शिट्याही दोन-तीन अधिक. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपणाऱ्या घरात याचे भान विशेष ठेवावे लागते. दुपारच्या चहाच्या वेळी तांदूळ भिजला नाही, तर चोविहार करणाऱ्यांच्या वेळेला भात तयार होत नाही आणि मग दोष असडी तांदळाला मिळतो. महिन्या-दीड महिन्याने प्रमाण अर्धे करावे. घरातल्या वृद्धांना दातांची अडचण असेल, तर त्यांच्यासाठी तोच तांदूळ किंचित भाजून, भरडून त्याची पेज करावी. ती मऊ होते आणि रुचकरही लागते. भाकरीला असडीचे पीठ वापरले की ती कडेला चिरते. उकड चांगली आणि गरम असतानाच मळली, तर हा दोष बराचसा जातो.

पोह्यांविषयी प्रश्न येणारच. पोहे हे प्रक्रिया केलेले अन्न आहे काय? आहे, पण भिजविणे, भाजणे आणि चेपणे एवढीच ती प्रक्रिया. त्यात वरून काही घातले जात नाही. तूस आणि बराचसा कोंडा मात्र त्यातही जातो. लाल तांदळाचे, थोडा कोंडा राखलेले पोहे मिळाले तर ते अधिक चांगले. मुलांच्या डब्यातील बिस्किटांच्या जागी भाजक्या पोह्यांचा चिवडा, लाह्या किंवा नाचणीचे सत्त्व ठेवता येते. रोहा तालुक्याच्या डोंगरउतारावर नाचणी आणि वरी पिकविण्याची रीत जुनी आहे. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तेथे पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसते. भाताच्या कापणीनंतर जमिनीच्या ओलीवर येणारा रायगडचा कडवा वाल हा तर या भागाचा मानबिंदू. मोड आणून केलेले बिरडे ज्यांना चालत नाही, त्यांनी वाल रात्रभर भिजवून, सोलून त्याची आमटी करावी. पोपटीचे नाव मुद्दाम घेतलेले नाही. तिची चव तोंडी लावून मग तिच्यातील निम्म्या जिनसा वर्ज्य ठरविणे फार कष्टाचे होईल.

सबंध अन्नाच्या उत्साहात काही ठिकाणी थांबणे आवश्यक आहे. पहिले मीठ. पेण-उरणच्या खाडीकाठची मिठागरे पिढ्यान् पिढ्यांची, आणि त्यांचे खडे मीठ नैसर्गिक म्हणून जेवणात वापरावे असे कोणास वाटेल. त्यात आयोडीन पुरेसे नसते. गलगंड आणि बालकांच्या मेंदूची वाढ खुंटणे हे आयोडीनच्या अभावाचे परिणाम आहेत. म्हणूनच २००६ पासून देशभर खाण्यासाठी आयोडीनविरहित मीठ विकण्यास बंदी आली. येथे प्रक्रिया केलेलेच मीठ घ्यावे. दुसरे गूळ. तो साखरेहून कमी शुद्ध केलेला असतो हे खरे, पण मधुमेह्याच्या रक्तात तोही साखरच होतो. गुळाची पोळी खाऊन पथ्य पाळल्याचे समाधान मानणारे स्वतःला फसवितात. तिसरे ब-१२ जीवनसत्त्व. ते कोणत्याही धान्यात नाही, असडीतही नाही. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातूनच थोडेफार मिळते. हातापायांना मुंग्या येत असतील, थकवा असेल, तर रक्त तपासून वैद्यांचा सल्ला घ्यावा. कोंड्यावर भिस्त ठेवू नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना सबंध धान्यातील पोटॅशियम आणि फॉस्फरस बाधू शकतात. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी आहार बदलताना डॉक्टरांना सांगून बदलावा, कारण औषधाची मात्राही बदलावी लागू शकते. एवढे करून असडी भात चार वाढी घेतला, तर पांढऱ्या भाताच्या दोन वाढींपेक्षा तो हितकर ठरणार नाही, हेही सांगून टाकलेले बरे.

आता सर्वांत खरी अडचण. असडी तांदूळ टिकत नाही. कोंड्यातील तेलामुळे तो खवट होतो आणि कोकणच्या दमट हवेत त्यात लवकर जीव पडतात. पॉलिशचा तांदूळ वर्षाचा भरून ठेवण्याची सवय असलेल्या घराने असडीची गोणी आणली, तर श्रावणापर्यंत तीत पोरकिडे दिसू लागतील; आणि मग ज्या घरात मुंगी मारली जात नाही त्या घराने काय करावे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कित्येक घरांनी याच कारणासाठी असडी सोडून दिला आहे.

त्याचे उत्तर जुन्या कणगीत आहे. पूर्वी घरात तांदूळ साठवीत नसत, भात साठवीत. तूस हे निसर्गाने दिलेले पाकीट आहे. ते शाबूत आहे तोवर आतला दाणा सुरक्षित राहतो आणि किडीचा उपद्रवही पुष्कळ कमी होतो. दिवाळीनंतर नवे भात येते. ते चांगले उन्हात वाळवून, कोरड्या जागी जमिनीपासून उंच ठेवावे आणि दर महिन्याला लागेल तेवढेच भरडून आणावे. हिशेब सोपा आहे. पाच माणसांच्या घरात दोन्ही वेळचा मिळून माणशी १५० ग्रॅम तांदूळ धरला, तर महिन्याला साडेबावीस किलो लागतो. भातातून असडी तांदूळ सुमारे ७५ ते ७८ टक्के निघतो, म्हणजे महिन्याला ३० किलो भात पुरे. वर्षाचे सुमारे साडेतीन-पावणेचार क्विंटल. पॉलिशच्या तांदळासाठी हेच भात अधिक लागले असते, कारण कोंड्याचे ८-१० टक्के वजनही वजा झाले असते. किलोमागे असडी महाग वाटतो, तो असा भात घेऊन भरडला तर महाग राहत नाही.

या साडेतीन-पावणेचार क्विंटलांना आणखी एक अर्थ आहे. हेक्टरी २५ क्विंटल भात धरले, तर एका घराची वर्षाची गरज सुमारे १५ गुंठे जमीन भागविते. खारेपाटात काळा राता, भुरा राता अशा, खारे पाणी सोसणाऱ्या जुन्या जाती होत्या. त्यांचा दाणा लालसर. पॉलिशच्या बाजारात लाल दाण्याला किंमत नाही, कारण त्याचा रंगच काढून टाकावा लागतो. असडी खाणाऱ्या घरात मात्र तोच रंग त्याची ओळख असतो. सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यावी की नाही यावर शासनाने शेतकऱ्यांचे मत घेतले होते, हे अनेकांना आठवत असेल. तेव्हा शेती राखण्याची भाषा सर्वांनीच केली. शेत राखायचे तर त्यातले भात कोणीतरी योग्य भावाने घ्यावे लागते. १५ गुंठ्यांचा हा ग्राहक पेणच्या आणि रोह्याच्या पेठेतच राहतो, आणि भाताची पारख त्याच्या घरात पिढीजात आहे.

एक व्यवहाराची बाब उरते. शेलर असलेला गिरणीवाला ३० किलो भातासाठी यंत्र लावायला राजी होत नाही. त्याचेही चुकत नाही, कारण यंत्रात आधीच्या मालाचा अंश राहतो आणि थोड्या भातासाठी ते साफ करणे परवडत नाही. पाच-सहा घरांनी महिन्याचा एक दिवस ठरवून दीड-दोनशे किलो भात एकत्र नेले, तर तोच गिरणीवाला आनंदाने भरडून देतो. संघाच्या आयंबिल खात्याला आणि स्वामीवात्सल्याच्या रसोड्याला लागणारा तांदूळ याच फेरीत धरला, तर पाच-सहा घरेही गोळा करावी लागणार नाहीत. दिवस ठरविताना तो पावसाळ्यात उघडीप पाहून ठरवावा, भात आदल्या दिवशी ऊन दाखवून न्यावे, आणि पोती घरची, स्वच्छ झाडलेली न्यावीत. तूस गिरणीवाल्याकडेच राहू द्यावे. पोह्यांच्या भट्टीला त्याचे जळण होते.